पट्टीवर काढलेला कान

कुत्र्याचा कान जरासा फाटला तरी किती रक्त येतं, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. जखम बोटाच्या पेराएवढी, पण कुत्रं मान झटकतं आणि भिंती, कपडे, माणसं सगळी रंगून निघतात. रानडुकराला न भिणारे शिकारी अशा वेळी पांढरेफटक पडून कंपाउंडरकडे धावत यायचे. तो म्हणायचा, "आधी तुम्ही बसा. कुत्र्याचं बघतो मी."

जनावरांच्या दवाखान्यातून तो कधीच निवृत्त झाला होता, पण घराच्या पुढच्या खोलीतलं टेबल काही सुटलं नव्हतं. काट्याने ओरबाडलेले, कुंपणात फाटलेले कान त्याच्याकडेच यायचे. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवायची, कापसाने दाबून धरायची, कान वर दुमडून डोक्यावर सपाट ठेवायचा आणि डोक्याभोवती पट्टी बांधायची, जबड्याखाली दोन बोटं जातील इतकी सैल. शेवटी निळ्या पेनाने पट्टीवर आतल्या कानाची आकृती काढायची. का? तर सोडताना कात्री कुठे चालवायची नाही ते कळावं म्हणून. पट्टीखालचा कान दिसत नाही आणि भलेभले तिथेच फसतात.

त्याचा धाकटा भाऊ असाच फसला होता, अकरा वर्षांपूर्वी. धाकटा डावखुरा, हाताचा हलका, पण एक नंबरचा धांदरट. आकृती काढायचा त्याला कंटाळा. एके दिवशी पट्टी सोडताना त्याने घरच्याच कुत्रीच्या, काळीच्या कानाचं टोक उडवलं, सरळ रेषेत. काळी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो बिचारा आधीच रडकुंडीला आलेला, पण कंपाउंडरचा पारा चढला. खोलीभर शिकारी बसलेले असताना तो म्हणाला, "हात आहेत का कोयते? पुन्हा या टेबलाला शिवू नकोस."

धाकटा तसाच मागच्या दाराने रानाकडे गेला, तो गेलाच. शोधून शोधून लोक थकले. आईने त्या दिवसापासून मागच्या दाराला कडी लावू दिली नाही. काळी त्याच दारात बसून राहायची; चार वर्षांनी मेली. तिला परसात पुरलं. ते एक वाक्य कंपाउंडरला परत गिळता आलं असतं तर त्याने उरलेलं आयुष्य देऊन टाकलं असतं.

तर झालं असं, की एका सकाळी मिशाळ आपल्या ठिपक्याला घेऊन आला. मिशाळ म्हणजे जुना शिकारी. मिशा एवढ्या, की बोलताना ओठ दिसायचे नाहीत. "दोन दिवस रानात हरवला होता," तो म्हणाला. "आज उगवला तो हा असा, पट्टी बांधून. तुमच्याकडे येऊन गेला की काय?"

कंपाउंडरने पट्टी चाचपून पाहिली. कान सपाट, जबड्याखाली बरोबर दोन बोटं, वर निळ्या पेनाने काढलेला कान. गाठ मात्र उलट्या बाजूला होती. कुत्रं उन्हातून आलेलं, अंग तापलेलं, आणि पट्टी विहिरीतून काढल्यासारखी गार.

"तिकडे राहतं कोण?"

"राहतंय कोण? तिथे पाखरूसुद्धा बसत नाही."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "गाठ कुठल्या बाजूला आहे रे?"

"डावखुऱ्याची आहे, आई."

ती म्हणाली, "मग विचार त्याला, येतोस का घरी."

त्याने जखम धुऊन नवी पट्टी बांधली, तिच्यावर निळा कान काढला आणि खाली लिहिलं: 'चूक माझी होती. घरी ये.' ठिपक्या जिथे हरवला तिथेच त्याला सोडा, असं सांगितल्यावर मिशाळ म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" पण कंपाउंडरचा चेहरा बघून त्याने सोडलं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ठिपक्या एकटाच मागच्या दारातून आत आला आणि टेबलापाशी उभा राहिला. गल्लीतलं एकही कुत्रं भुंकलं नाही. पट्टी पुन्हा गार, पुन्हा कोणीतरी बदललेली. कंपाउंडरने लिहिलेलं त्यावर नव्हतं. नुसता निळा कान होता. त्याने कात्री घेतली आणि रेघेच्या बाहेरून चालवू लागला. टोकाशी हात थबकला. काढलेल्या कानाला टोकच नव्हतं. पुन्हा कापलंस की काय रे, असं पुटपुटत त्याने पट्टी उलगडली. ठिपक्याचा कान शाबूत होता आणि जखम मिटत आली होती.

त्याने आकृतीकडे परत पाहिलं. असा सरळ छाटलेला कान त्याने चार वर्षं मागच्या दारात रोज पाहिला होता.

आई भिंतीला धरून बाहेर आली. "येतो म्हणाला का?"

"आई, हा ठिपक्याचा कान नाही. काळीचा आहे."

आईने पट्टी हातात घेतली, निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे ती पोचली त्याच्यापाशी," ती म्हणाली.

कंपाउंडर खाली बसला आणि हुंदके देत रडला. "मला माफ केलं असेल का गं त्याने?"

"कुत्र्याला बरं करून पाठवलंय ना तुझ्याकडे? मग." तिने पट्टीची घडी घातली. "ऊठ. मागच्या दाराला कडी लाव."

अकरा वर्षांत कडी गंजून गेली होती. तिला तळहाताने दोनदा ठोकावं लागलं, तेव्हा ती बसली.