बेग्ज द क्वेश्चन आणि आमचा वर्ग

शिकलेलं माणूस विसरते, पण शिकताना झालेली फजिती कशी विसरल? वाशीमच्या आमच्या इंग्रजी लेखनाच्या वर्गात असे किस्से खळ्यावरच्या कुटाराच्या ढिगावानी साचले. दुपार कलायची वेळ, वर पंखा कुरकुरायचा, खिडकीत कडुनिंब, अन् आमी सारे अर्धे झोपेत!

* * *

बबनकाका रिटायर झाल्यावर हौसेनं वर्गात आले. त्यांनी निबंधात लिहिलं, "रोडवर खड्डे आहेत, विच बेग्ज द क्वेश्चन, कॉन्ट्रॅक्टर कुठं गेला?"

तायडे सरांनी लाल पेन उचलला. "काका, इथं नुसता प्रश्न उभा राहिला. बेग्ज नाही, रेझेस लिहा! जे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरून चाललात, तर बेग्ज."

"म्हंजे?"

"हा बैल चांगला काहून? चांगल्या जातीचा आहे म्हणून. जात चांगली काहून? तिचे बैल चांगले राहतात म्हणून!"

काका म्हणाले, "अरे, मी असाच एक बैल घेतला होता!"

* * *

मग काकाले नादच लागला. कचोरीवाल्याले म्हणे, "तुयी कचोरी चांगली, हे कशावरून?"

"सारे खातात न."

"सारे काहून खातात?"

"चांगली हाय म्हणून!"

काका पुडा घेऊनच वर्गात आले. सरांनी दोन खाल्ल्या अन् म्हणाले, "तर्क चुकला, पण कचोरी बरोबर आहे."

* * *

एकदा लाईट गेली. आमी गच्चीवर बसलो. आभाळ केशरी झालं होतं, दूर शिरपूरची बस जाऊन राह्यली होती. सरांनी वीज ऑफिसात फोन करून लाईट कवा येते, ते विचारलं. तिकडून उत्तर आलं, "लाईट आली की सांगतो!"

"बेग्ज!" काका ओरडले.

"नाही हो! त्यानं सिद्ध काय केलं? तो फक्त आळशी आहे."

* * *

आमच्यात खरी हुशार रेखा, केनवडची. तिले वकिली शिकाले नागपूरले जायचं होतं, पण तिचे बाबा सखारामभाऊ तयार नव्हते. ते तिले रोज गाडीवर आणत अन् वर्ग सुटेपर्यंत दारातल्या बाकावर पेंगत. मले त्या पोरीचं लय वाईट वाटे.

प्रवेशाची मुदत संपत आली, तसं सरांनी धीर करून विचारलंच. "भाऊ, रेखाले नागपूरले काहून पाठवत नाही?"

"तिले एकटं राह्यची सवय नाही, सर."

"सवय काहून नाही?"

"कधी एकटं पाठवलंच नाही न तिले!"

कोणी हसलं नाही. काकांनी तोंड उघडलं, तर सरांनी डोळ्यानंच गप केलं. रेखा खाली पाहून राह्यली होती.

"सवय नाही म्हणून पाठवलं नाही, पाठवलं नाही म्हणून सवय नाही..." भाऊ आपल्याशीच पुटपुटले. मग उठले, खांद्यावरचा दुपट्टा झटकला, गाडीची चाबी काढली.

"चाल वं, रेखा."

"घरी?"

"टेशनावर. नागपूरची गाडी कवा राह्यते, पाहून येऊ."