मागच्या बाकावरची उपासना

बाबा गेल्यावर मी आईला नगरकडच्या गावाहून गुरुग्रामला घेऊन आले, तेव्हा तिने एकच अट घातली. "नाताळपर्यंत राहते. तुमच्या चर्चमध्ये मन रमलं तर ठीक, नाहीतर मला परत सोड." गावात ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. तिला तिथे एकटी ठेवायची माझी छाती होत नव्हती. त्यामुळे सगळं त्या चर्चवर येऊन ठेपलं.

आमची उपासना इंग्रजीत. पाळक केरळचे, मंडळी देशभरातली. वीस वर्षं इथे काढल्यावर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आई पहिल्या रविवारी दीड तास पदर सावरत बसली आणि बाहेर पडताना म्हणाली, "चांगला आहे हो तुमचा पाळक. हातवारे छान करतो."

मला ते झोंबलं. पुढच्या रविवारी मी तिच्या कानाशी लागून संदेशाचं मराठी करत बसले. पुढच्या बाकावरच्या बाईंनी तीनदा मागे वळून पाहिलं. चौथ्यांदा वळल्या तेव्हा मीही डोळे वटारले. उपासना संपल्यावर सरळ पाळकांना गाठलं आणि म्हटलं, माझी आई इथे नुसती बसायला येत नाही. माझा आवाज जरा चढलाच होता. ते शांतपणे म्हणाले, "मानेसर से जो लोग आते हैं, उनका भी यही हाल है। मुझे दिखता था, पर क्या करूँ, समझ नहीं आया।"

समजायचं काय त्यात? पर्यटकांना किल्ले दाखवणारे गाइड वापरतात तसले संच आणले. बोलणाऱ्याकडे छोटा माइक, ऐकणाऱ्याच्या कानात यंत्र. तान्ही मुलं घेऊन बसायची मागची काचेची खोली आम्ही दुभाष्यांनी बळकावली. एकजण ओडियात सांगणार, एकजण तमिळमध्ये, मी मराठीत. जवळच्या मानेसरच्या कारखान्यांतून येणाऱ्यांपैकी ओडियाला चौदाजण होते, तमिळला नऊ. माझी श्रोती एकच, पण तेवढी चौदांना भारी होती.

पाळक शुक्रवारीच संदेश लिहून पाठवू लागले. शनिवारी दुपारी मी आईसमोर तालीम करायची. माझं मराठी भाजी आणि बँक यांच्यापुरतं उरलेलं, त्यामुळे दर दोन वाक्यांमागे हिंदी डोकावायचं. "बातम्या वाचतेस का?" आई म्हणायची. "देवाच्या घरचं बोलणं आहे. दमानं घे." नोव्हेंबर संपेपर्यंत मी न अडखळता पूर्ण उपासना मराठीत सांगू लागले. बाहेरच्या चर्चमधली माणसं आमची पद्धत बघायला आली. पाळकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी दिवसभर हवेत होते.

नाताळ झाला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना आई म्हणाली, "आता माझं तिकीट काढ."

मी चिडले. एवढं केलं तुझ्यासाठी, आता आणखी काय करू, असं सगळं बोलून गेले. तिने कप खाली ठेवला. "केलंस ना. सगळं ऐकू येतं मला. पण गावात चाळीस वर्षं दर रविवारी आजाऱ्यांसाठी मी प्रार्थना करत होते. इथे मला कुणी तोंड उघडायला सांगितलंय का?"

इंग्रजीतून इतरांच्या भाषांत, एवढा एकच रस्ता आम्ही बांधला होता. उलट दिशेने कुणाला यायचं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कौतुक तेवढं मिरवून घेतलं होतं. फार लाज वाटली. मी पाळकांना फोन केला. ते म्हणाले, "इस संडे आंटी ही प्रार्थना करेंगी।"

रविवारी आई पुढे गेली. मी शेजारी उभी, तिचं इंग्रजी करायला. वाटलं होतं, गावासारखीच प्रार्थना करेल. पण तिने सुरुवातच मानेसरच्या एका बाईपासून केली. ही बाई गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. यंत्रात हात सापडून तिची दोन बोटं चिरडली होती. ती मागच्या बाकावर आईशेजारी बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई तिला दर रविवारी संत्रं सोलून द्यायची, एवढंच मी पाहिलं होतं. पण खाणाखुणांतून आईला तिचं नाव कळलं होतं, कुठला हात ते माहीत होतं, टाके कधी निघणार तेही. प्रभू, हिचा हात पहिल्यासारखा कर, हिला घरी दोन लेकरांची वेणीफणी करायची असते, असं आई म्हणाली.

मी इंग्रजी केलं. काचेमागे माझ्या इंग्रजीचं ओडिया झालं. मागच्या बाकावर त्या बाईने कानातलं यंत्र घट्ट दाबून धरलं आणि बँडेजचा हात वर केला. मी डोळे पुसू लागले, पुढचं वाक्य राहूनच गेलं. आई थांबली. मग तिने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "रडायचं नंतर. आधी सांग त्यांना."

आयुष्यात मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. परतताना गाडीत मी भीत भीत विचारलं, तिकिटाचं काय करू?

"तिचा हात बरा होऊ दे आधी," आई म्हणाली.

तो हात बरा होऊन आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी आईला मागच्या बाकावर कुणी ना कुणी नवं सापडतं, आणि तिकिटाचा विषय मी काढत नाही.