शनिवारी सूर विचारणारे पाळकसाहेब

रेव्हरंड शांतवन दळवी यांची आणि आमच्या घराची ओळख झाली ती ते रस्ता चुकले त्या दिवशी. गिरगावातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक म्हणून ते नुकतेच रुजू झाले होते. घरोघरी भेटी द्यायला म्हणून फणसवाडीत शिरले आणि आमच्याऐवजी शेजारच्या चाळीत सावंतकाकूंच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू कसल्या सोडतात! "चुकलात तर चुकलात. आता इलात तर चाय घेवनच जावा." आमच्याकडे पोचले तेव्हा साहेबांच्या हातात काकूंनी दिलेल्या लाडवांची पुडी होती. आई म्हणाली, "किती वेळ वाट बघतोय आम्ही." ते हसून म्हणाले, "उशीर झाला खरा, पण एक घर जास्त मिळालं." पुढे काकूंच्या घरच्या प्रत्येक दुखण्याखुपण्यात ते हजर असत.

पाळकसाहेब यंदा साठीत पदार्पण करत आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरव अंकात जाणकार लिहितीलच. मी मंडळीच्या कमिटीतली एक साधी बाई, मला लिहायचं आहे ते त्यांच्या सोशिकपणाबद्दल. आणि हो, त्यांच्या गाण्याबद्दलही.

साहेबांना सूर लागत नाही. हे मी आदर राखूनच लिहिते आहे, आणि मंडळीत हे कुणापासून लपलेलं नाही. पण माझा धाकटा भाऊ सुबोध उपासनेत पायपेटी वाजवत असे, तोवर त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. सुबोधनं सूर दिला की साहेबांचा आवाज सगळ्यांच्या आवाजात खपून जाई.

मग आई आजारी पडली. परळच्या इस्पितळात ती होती तेवढे दिवस अख्ख्या मंडळीनं प्रार्थना केली. आई गेली. दफनविधीहून परतल्यावर सुबोध साहेबांना तोंडावर म्हणाला, "तुमच्या देवानं ऐकलं नाही. आता मी त्याच्यासाठी वाजवणार नाही." त्यानं करी रोडला भाड्यानं खोली घेतली. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. मी फोन केला की चिडायचा. आई गेलीच होती, आता भाऊही हातचा जाणार या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता.

कमिटीत विषय निघाला की नवा वाजवणारा शोधू या. साहेब म्हणाले, "वाजवणारा आहे आपल्याकडे. सध्या घरी नाही, एवढंच." पायपेटी मात्र दर आठवड्याला पुसून घ्यायचे. साहेब सूर धरणार आणि आम्ही मागून जाणार, अशी उपासना सुरू झाली. कधी इतक्या वर सुरुवात व्हायची की तिसऱ्या कडव्याला बायकांसकट सगळ्यांचा घसा बसायचा. कधी इतकी खाली की गातोय की कण्हतोय तेच कळू नये.

मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, तुम्ही त्या सुबोधला चार शब्द सुनावा ना!"

"सुनंदाबाई, ते तुम्ही रोज सुनावताच," ते म्हणाले. "त्यात मी कशाला भर घालू?"

ते काय करत होते हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दर शनिवारी ते सुबोधला फोन करत. 'कधी येतोस' हा प्रश्न नाही, आईचा विषय नाही. "सुबोध, उद्या अमुक गीत आहे. कुठल्या पट्टीत घेऊ?" तो तुटकपणे म्हणे, "काळी एक." "म्हणजे किती वर रे? जरा गाऊन दाखव." मग तो नाइलाजानं पहिली ओळ गाऊन दाखवी. देवाचं नाव टाकलेला माझा भाऊ दर शनिवारी फोनवर त्याचीच गीतं गात होता! रविवारपर्यंत साहेब सूर विसरत, आणि पुढच्या शनिवारी सुबोधच आधी विचारी, "कसं झालं?" "घसरलं रे."

अरण्यातल्या इस्राएल लोकांवर साहेब वरचेवर बोलतात. एकदा म्हणाले, "ते लोक चाळीस वर्षं भटकले, कुरकुरले, देवावर रुसले. देवही रागावला. पण पहाटेचा मान्ना, ती आकाशातून पडणारी भाकर, त्यानं बंद केली नाही, आणि वाट दाखवणारा मेघस्तंभ पुढे निघून गेला नाही. लोक थकतील तिथं तोही थांबत होता." त्या शनिवारच्या फोनांबद्दल कळल्यावर तो उपदेश मला खऱ्या अर्थानं समजला.

गेल्या ईस्टरला माझा पाय मुरगळला होता. सुबोध टॅक्सीनं मला उपासनेला घेऊन आला. "मी दारातच उभा राहीन," हे त्यानं आधीच बजावलं होतं. साहेबांनी गीत सुरू केलं, आणि त्या दिवशी तर कहरच झाला. दुसऱ्याच ओळीला अर्धी मंडळी गप्प झाली. "अहो, काय हे!" म्हणत सुबोध बाकांमधून तरातरा पुढे आला, पायपेटी उघडून बसला आणि त्यानं काळी एक दाबून धरली. सगळे थांबले. साहेबांनी मान वर न करता गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला गाता आलं नाही, मी रडत होते.

उपासना संपल्यावर सुबोध त्यांच्यावरच उखडला. "काल एवढं गाऊन दाखवलं होतं तुम्हाला!"

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "फोनवर जमत नाही रे."

नंतर मी हळूच विचारलं, मुद्दाम करत होतात का? ते मनापासून हसले. "सुनंदाबाई, इतकं बेसूर मुद्दाम गाता येत नाही. देवानं माझ्याकडे होतं त्यातच भागवून घेतलं."

प्रभू आमच्या पाळकसाहेबांना उदंड आयुष्य देवो, त्यांचे गुडघे फणसवाडीचे जिने चढण्याइतके धड ठेवो. सूर मात्र आहे तसाच राहू दे. अजून बरेच जण घरी यायचे आहेत.