सातवी तुळई

आज माझ्या हाताला जे काम आहे, ते युसूफचाचांमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना हात मागे येतो.

चाचा वऱ्हाडातल्या अनसिंगचे सुतार. दिसेल त्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. टपरीवरचं बाकडं असो, कुणाच्या घराचं दार असो. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर तिथला पलंग वाजवून "हा सागवान नाई" म्हणाले. सोयरीक तरीही जमली.

मी तळकोकणातला. नववीत शाळा सोडली, वडिलांना "होऊन दाखवतो काहीतरी" असं सुनावून बाहेर पडलो आणि एका कारखान्यात फळीवर फळी चिकटवून तुळया करायला शिकलो. अशा तुळया-खांबांवर अख्खी इमारत उभी राहते. अनसिंगजवळच्या एका कॉलेजची लायब्ररी तशी बांधायची होती. दिवसा पोरांना अभ्यासाला, संध्याकाळी गावाला बैठकीला. पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडमनी नकाशा पसरला तेव्हा आम्ही सगळे नुसत्या माना डोलवत होतो. चाचांनी विचारलं, "पोट्टे टेकतीन कुठं?" मॅडमनी त्याच दिवशी खांबांचे कोपरे गोल केले.

मला त्या प्रश्नाचं हसू आलं होतं. मी कारखान्यात शिकलेला, ते पटाशीवाले. माझ्या जोडीला त्यांना दिलं होतं. प्रत्येक तुळईच्या कार्डावर आमची दोघांची नावं असत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हे वऱ्हाडाचं ऊन हाये बाप्पा. गोंद लावला का मंग पानी प्याले बी जाऊ नको." आमच्या दमट हवेत गोंद अर्धा तास ओला राहतो, हे मला पाठ होतं. मी मान हलवली आणि सोडून दिलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी चाचा नमाजाला गेले होते. मी सातव्या तुळईला गोंद लावला आणि आईचा फोन आला. शेडबाहेर जाऊन मी तिला सांगत बसलो, काम किती मोठं आहे, माझ्यावाचून कसं अडतं. परत आलो तर गोंदावर साय धरली होती. तरी फळ्या बसवल्या, त्यांना दाबून धरणारे शिकंजे आवळले आणि कार्डावर आवळल्याची वेळ लिहिली, वीस मिनिटं मागची. त्याच आठवड्यात एका चुकीवरून ठेकेदारानं बजावलं होतं की आणखी एक चूक झाली की गाडी पकड. गाडी पकडून जायचं कुठे? वडिलांसमोर?

तुळया वर चढवायच्या आदल्या दिवशी मॅडम आणि ठेकेदार बघायला आले. चाचा एकेक वाजवत निघाले. सातवीपाशी थांबले, पुन्हा वाजवली, कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेकडे.

"हे वर चढवू नका," ते म्हणाले. "माह्याकून शिकंजे आवळाले उशीर झाला."

"नमाजाले गेले असान चाचा, अजून काय," ठेकेदार म्हणाला. दोन-चार जण हसले.

"नमाज आपल्या टायमावर झाली साहेब. चूक माही हाये, तिची नाई."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

त्या दिवसापासून चाचांना गोंदाला हात लावू दिला नाही. टपरीवर लोक विचारायचे, "काय चाचा, सुकला का गोंद?" ते हसून चहा फुंकायचे. बाद झालेली तुळई त्यांनी एकट्यानं कापली आणि व्हरांड्यासाठी बाकं केली. मी फळ्या उचलू लागलो. शेवटी न राहवून विचारलं, असं का केलंत. रंधा न थांबवता ते म्हणाले, "मले इथं लोक साठ वर्सापासून ओयखतेत. एका तुळईनं काय होते? तुहं नाव आता कुठं चिकटून राह्यलं. ओलं असतानी उखडलं तं परत नाई बसत."

उद्घाटनाला शाल-नारळ मला मिळाला. चाचा व्हरांड्यात त्याच बाकावर बसून टाळ्या वाजवत होते. ती शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही.

आता मी कर्नाटकात एका शाळेच्या कामावर आहे. हाताखाली माणसं आहेत; गोंद लावल्यावर त्यांना पाणी प्यायलाही जाऊ देत नाही. कार्डावरच्या वेळा मी स्वतः तपासतो. चाचांना फोन करतो, पण त्यांना आता कमी ऐकू येतं. सून म्हणते, "जोरानं बोला भाऊ." दोनदा सांगायला घेतलं. तेवढं वाक्य ओरडून सांगणं काही जमलं नाही. तब्येत विचारून फोन ठेवला.

चाचा, गणपतीला कोकणातला माणूस आधी घर गाठतो. यंदा मी आधी अनसिंगला उतरेन. गावाची बैठक भरलेली असेल अशा संध्याकाळी येईन, ठेकेदारालाही बोलावून घेईन. आणि सातवी तुळई कुणी बिघडवली ते सगळ्यांदेखत सांगेन, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.