नकुलचा डावा गुडघा

माझा भाचा नकुल इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळतो म्हटलं की पाहुण्यांचे डोळे चमकायचे. मग ते क्लबचं नाव विचारायचे, मी सांगायचो, आणि चमक तिथल्या तिथे विझायची. एकानं तर मला विचारलं, "असं गाव खरंच आहे का हो?" त्याला मी दुसरा चहा विचारला नाही.

नकुल लेफ्ट बॅक होता, म्हणजे डावी बाजू राखणारा, तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं याचं गाडीच्या डिकीत: बूट, उशी, इस्त्री आणि आईनं दिलेला लोणच्याचा डबा. क्लबला गरज नसली की तो दुसऱ्या क्लबला महिनाभर उसना जायचा, शेजारी वाटीभर साखर जाते तसा. महिना संपला की परत येऊन बेंचवर बसायचं. दक्षिणेकडचा क्लब असला की मुक्काम ब्रॅकनेलला आमच्याकडे. भल्या सकाळी उठून ट्रेनिंगला जायचा, दुपारी येऊन गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून सोफ्यावर पडायचा. तक्रार म्हणून कधी ऐकली नाही. मलाच राग यायचा त्याच्या जागी.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, सुनीतीताई. वडील पुरुषोत्तमराव, आमचे भाऊजी, नॉटिंगहॅमला हाडांचे डॉक्टर. नकुल तिथेच वाढला, त्यामुळे त्याच्या मराठीत सगळंच पुल्लिंगी. मुलगा फुटबॉलपटू आणि बाप हाडांचा डॉक्टर, म्हणजे गिऱ्हाईक घरातच, अशी इथल्या महाराष्ट्र मंडळात थट्टा चालायची. भाऊजी त्यावर हसायचेसुद्धा. नाकासमोर चालणारा माणूस. मोटरवे रिकामा असला तरी सत्तर मैलांच्या मर्यादेवर काटा जाऊ देत नाहीत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून दमतात.

२००७ च्या मे महिन्यात करार संपला आणि नकुलच्या क्लबनं त्याला मोकळं केलं. जूनभर फोन वाजला नाही. जुलैत दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा क्लबनं ट्रायलला बोलावलं आणि मॅनेजरला तो आवडला. दोन वर्षांचा करार देतो म्हणाला. एकोणतिशीला टेकलेल्या लेफ्ट बॅकला दोन वर्षं कोण देतं? नकुलला तर पंचविशीतही कुणी दिली नव्हती. त्यानं पहिला फोन बायकोला, देविकाला केला. "आता आपण स्वतःचे पडदे घेऊ," असं तो तिला सांगत होता. लग्नापासून दोघं दुसऱ्यांच्या पडद्यांमागे राहत होती.

राहिली होती फक्त मेडिकल. असल्या क्लबांत तिचा फार थाट नसतो. फिजिओ पाय वाकवून बघतो, डॉक्टर छाती आणि ब्लडप्रेशर तपासतो, चार प्रश्न विचारतो, झालं. नकुलचा डावा गुडघा आदल्या हिवाळ्यापासून बिघडला होता. इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊन तो खेळत होता. त्या जगात निम्मे लोक असेच खेळतात. खेळाडू सांगत नाही, क्लब फार खोदत नाही, हा तिथला न लिहिलेला रिवाज. भाऊजींना मात्र सगळं ठाऊक होतं, कारण स्कॅन त्यांनीच करवला होता.

आणि नशीब बघा, त्या क्लबचा डॉक्टर निघाला जयंत. तिथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि भाऊजींचा मिरजेच्या मेडिकल कॉलेजातला बॅचमेट! भाऊजींना कोण आनंद. आमच्या डॉक्टर मंडळींची ही खोड आहे. पोरगं ग्लासगोला शिकायला गेलं की आधी ग्लासगोतला बॅचमेट शोधायचा आणि त्याच्या गळ्यात पोराची सर्दीसुद्धा घालायची. भाऊजींनी नॉटिंगहॅमहून फोन लावला. "जयंता, पोरगं तुझ्या हाती देतोय. डावा गुडघा तेवढा नीट बघ. कार्टिलेज जवळजवळ गेलंय. जपून खेळवा त्याला."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

जयंत मला नंतर म्हणाला, "उल्हास, हे कानावर आलं नसतं तर मी छाती तपासून सही केली असती रे. ऐकल्यावर कशी करू? पुरुषोत्तमला हे कळू नये?" त्याला गुडघ्याचा स्कॅन करायला सांगावंच लागलं, आणि स्कॅन बघून क्लबनं करार मागे घेतला. मॅनेजर भला माणूस होता. त्यानं नकुलच्या खांद्यावर हात ठेवला, "सॉरी, सन" म्हणाला आणि गाडीपर्यंत सोडायला आला.

नकुल तिथून थेट आमच्याकडे आला. ताई आणि भाऊजी आधीच येऊन बसले होते, करार साजरा करायला. ताईनं बासुंदी आटवली होती. नकुल दारातच उभा राहिला. "डॅड, जयंतकाकाला तू सांगितला?"

"हो, सांगितलं," भाऊजी म्हणाले. "मित्र आहे तो, काळजी घेईल तुझी. का, काय झालं?"

नकुलनं काय झालं ते सांगितलं. भाऊजींचा चेहरा उतरला. "अरे, पण मी डॉक्टर आहे. मी काय लपवायला हवं होतं?"

"लपवायचा नव्हता, डॅड. कोणी विचारलाच नव्हता."

ताईनं हळूच विचारलं, "दुसरा क्लब मिळेल ना रे?"

"आई, मेडिकल फेल झाला हे सगळ्यांना कळतो. ते एकमेकांना फोन करतात. कोण घेणार मला आता?"

माझं डोकं भणभणलं होतं. कुणाच्या तरी अंगावर जाऊन चांगलं खडसावावं असं वाटत होतं, पण कुणाच्या? जयंत बरोबर होता, मॅनेजर बरोबर होता, भाऊजी तर जन्मापासून बरोबरच आहेत. मी उगाच जाऊन गॅसवरची बासुंदी ढवळत बसलो.

परत आलो तेव्हा नकुल सोफ्यावर होता आणि भाऊजी समोर बुटक्या स्टुलावर. त्यांनी त्याचा डावा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता. आतल्या बाजूला, सांध्यावर, त्यांनी अंगठा दाबला. मोज्यात नकुलची बोटं आखडली, ती मला उभ्या जागेवरून दिसली.

"दुखतंय?" भाऊजींनी विचारलं.

"नाही."

त्या अंगठ्याखालून उभ्या नॉटिंगहॅमचे गुडघे गेले आहेत. भाऊजींनी हात तसाच ठेवला. मग मान न उचलता म्हणाले, "हो, ठीक वाटतोय."

भाऊजी खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते ऐकून घ्यायला आता कुठलाच क्लब उरला नव्हता.