मर्टल रांगेत उभी राहिली

मर्टल गिलिलँडबद्दल चांगलं बोलणारी माणसं बेलफास्टात पुष्कळ भेटतील तुम्हाला. आमची प्रोटेस्टंट वस्ती आणि त्यांची कॅथलिक वस्ती यांच्यामधल्या उंच भिंतीच्या अलीकडे जरा कमी, पलीकडे जास्त. आता ती गेली, त्यामुळे सगळेच चांगलं बोलतात. मी रूबी, चाळीस वर्षं तिची शेजारीण. मला विचाराल तर बाई डोकं उठवायची. एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, आणि वर आवाज इतका मऊ की धड भांडायचीही सोय नाही.

शर्टाच्या कारखान्यात इस्त्री करण्यात तिचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. आईबाप गेले तेव्हा धाकटा भाऊ वेस्ली नऊ वर्षांचा होता, त्याला हिनेच वाढवला. शाळेत जाताना त्याच्या कॉलरला जी इस्त्री असायची, तशी गल्लीत दुसऱ्या कुणाची नसायची. पुढे त्याचं हेसीशी लग्न झालं, चार घरं सोडून त्यांनी बिऱ्हाड केलं आणि त्यांना ट्रेव्हर झाला. ट्रेव्हर म्हणजे मर्टलचा जीव की प्राण. मी म्हणायची, "अगं, त्याला आई आहे." तर म्हणायची, "असू दे की. दोन असल्या तर बिघडलं काय?"

सत्याऐंशीच्या मार्चमध्ये ट्रेव्हर दरवाजासाठी रंग आणायला गेला आणि त्याच दुकानात पलीकडच्या बंदूकवाल्यांनी बॉम्ब ठेवला होता. बावीस वर्षांचा पोरगा. शवपेटी बंदच ठेवावी लागली. त्याच्यापुढचं मी सांगणार नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की दोन-तीन दिवस त्याला घरातच ठेवतात आणि अख्खी गल्ली येऊन जाते. घरचे पेटीशेजारी ओळीने उभे राहतात. आलेल्याने एकेकाचा हात हातात घ्यायचा, "तुझ्या दुःखाचं फार वाईट वाटतं" म्हणायचं, आणि पुढे सरकून चहा घ्यायचा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हीच रीत आहे. बाकी कशात नसलं तरी रडण्यात आमचं जमतं. त्या दिवशी ओळीत वेस्ली, हेसी आणि मर्टल उभे होते. तीनशे माणसं तरी आली असतील. वेस्लीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि मर्टल प्रत्येकाला उलट धीर देत होती.

बुधवारी ट्रेव्हरला पुरला. गुरुवारी आमच्या बाजूच्यांनी बस थांब्यावर उभ्या असलेल्या फर्गल नावाच्या पोराला गोळी घातली. त्याचा त्या बॉम्बशी काडीचा संबंध नव्हता. कॅथलिक होता, तेवढं पुरलं.

शुक्रवारी दुपारी मर्टल माझ्या स्वयंपाकघरात उभी. अंगात कोट, हातात सँडविचचा ट्रे, वर स्वच्छ फडकं.

"भिंतीतल्या गेटापर्यंत येतेस का माझ्याबरोबर?"

"कुठे निघालीस?"

"पलीकडे. त्या पोराच्या घरी."

"वेड लागलंय का तुला? ट्रेव्हरवरची माती अजून ओली आहे!"

"म्हणूनच जायचं. त्याच्या आईला आत्ता काय होत असेल, ते आपल्याइतकं कोणाला कळणार?"

"आणि वेस्ली?"

"तो बोलतच नाहीये गं. नुसता बसून आहे."

"मग तूही बस त्याच्याजवळ."

"हेसी आहे ना. तिथे त्या बाईकडे आमच्यातलं कोण जाणार? आणि नाही गेलं तर पुढचा पोरगा कोणाचा?"

 गेटापर्यंत गेले आणि मागे फिरले. भ्याले, सरळ सांगते. पुढचं मला खूप वर्षांनी फर्गलच्या आईने, डिम्पनानेच सांगितलं.

हिने सँडविच केली होती हॅमची. शुक्रवार, त्यात ईस्टरआधीचा उपासकाळ! त्यांच्यात त्या दिवशी मांसाला शिवत नाहीत. हे हिच्या गावीही नाही. घर माणसांनी गच्च भरलेलं, हिने टेबलावर ट्रे ठेवून फडकं काढलं. कोणीतरी म्हणालं, "हिणवायला आलीय ही." डिम्पना पेटीजवळून उठली, टेबलापाशी आली, एक सँडविच उचललं आणि उभ्याउभ्या सगळं खाल्लं. म्हणाली, "ही बाई भिंत ओलांडून आलीय. पाप लागलं तर मला लागू दे." मग तिच्या म्हाताऱ्या सासूनेही एक उचललं. बाहेर पडताना कोणीतरी मर्टलला खरा प्रकार सांगितला, तर ही दारातच मटकन खाली बसली. "अगं बाई गं! शुक्रवार!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या की रडत होत्या, ते डिम्पनालाही धड सांगता आलं नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. वेस्ली मर्टलच्या दारात आला. बुधवारपासून पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं, आणि ते मी माझ्या उंबऱ्यातून ऐकलं.

"ट्रेव्हरच्या पलंगावरची चादर अजून बदललेली नाही आम्ही. आणि तू त्यांना खायला घालत फिरतेस?"

"वेस्ली, प्रभूने सांगितलंय..."

"प्रभूचं नाव काढू नकोस माझ्यापुढे! मला बहीण नाही आजपासून."

पुढे सतरा वर्षं हेच. तो त्याच गल्लीत राहायचा, त्याच चर्चमध्ये आमच्यापुढे दोन बाकं सोडून बसायचा, आणि हिच्याकडे मान वळवून बघायचा नाही.

इकडे मर्टल आणि डिम्पना यांची जोडी जमली. कोणत्याही बाजूला कोणी गेलं, मग ते गोळीने असो की म्हातारपणाने, या दोघी त्या घरी हजर. दोघी हात धरायच्या, तेच वाक्य म्हणायच्या, कप विसळायच्या. कुठे दार तोंडावर आपटलं तर दुसऱ्या दिवशी परत जायच्या. पोरं गेटावर दगडफेक करायला लागली की मर्टल सरळ मधोमध जाऊन उभी राहायची आणि एकेकाला नावाने हाक मारायची, "तुझ्या आजीला सांगू का रे?" शूर होती, यात वादच नाही. एकदा तिच्या दारावर कोणीतरी 'गद्दार' लिहिलं. तो रंग कोणी खरवडला? मी. बाईसाहेब पलीकडे कोणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या.

प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये आधी भाकर यायची, मग द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकांवरून फिरायचा. मर्टल काही न घेता तो माझ्याकडे सरकवायची. वर्षातून चार वेळा, सतरा वर्षं. लोक कुजबुजायचे.

"अगं, घे की! सगळे बघतात," मी दबक्या आवाजात म्हणायची.

"भावाच्या मनात माझ्याविषयी अढी आहे तोवर नाही. आधी त्याच्याशी समेट, मग देवापुढे. प्रभूचंच म्हणणं आहे."

"तो तर खुशाल घेतो!"

"त्याचं त्याच्यापाशी."

दर नव्या वर्षाच्या दिवशी ती त्याच्या दारात जायची. हेसी दार उघडायची, वेस्ली आत पाठ करून बसलेला. ही उंबऱ्यातूनच म्हणायची, "वेस्ली, मी तिथे गेले, तुला दुखावलं, माफ कर. पण जाणं भाग होतं रे." आणि मग प्रभूचं एखादं वचन. दार बंद. मला वाटायचं, काय दगड माणूस आहे! बहिणीने आणखी किती वेळा नाक घासायचं?

मग वेस्लीची छाती बिघडली आणि त्याला इस्पितळात टाकला. एका गुरुवारी दुपारी मी त्याला बघायला गेले. हेसी चहा प्यायला खाली गेली होती. त्याने एकदम विचारलं, "ती कशी आहे?"

मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. "बरी आहे. तुझ्यासाठी झुरते, दुसरं काय."

"रूबी, दरवर्षी येते ती. गेले म्हणून माफ कर म्हणते. शंभरदा म्हणाली असेल. ट्रेव्हर गेला, त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही कधी. अख्ख्या शहराचा हात धरला तिने. माझा नाही धरला."

"अरे, ती घरातलीच. ओळीत तुझ्या शेजारी उभी होती."

"होती ना. ओळीतल्या शेजारच्याला कोणी हात देत नाही." त्याला धाप लागली. मी पाणी दिलं. मग म्हणाला, "तिला सांग, ये म्हणावं. वचनं नकोत. नुसती ये."

आता ऐका माझा पराक्रम. इस्पितळातून मी थेट मर्टलच्या दारात आले, तर कुलूप. समोरचीने सांगितलं, पलीकडे गेलीय, डिम्पनाच्या नातीच्या झग्याला इस्त्री करायला. आणि माझं जे डोकं फिरलं! इथे सख्खा भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि ही बया तिकडे झालरी सरळ करतेय. म्हटलं, करू दे. सांगेन रविवारी चर्चनंतर, काही घाई नाही. खरं सांगू? मला राग फक्त वेस्लीपायी नव्हता आला. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, पण मर्टलला गरज लागायची ती नेहमी पलीकडच्यांना. माझ्याकडे ती फक्त ट्रे झाकायला फडकं मागायला यायची. शुक्रवारी ती घरातच होती. तिच्या नळाचं पाणी मला भिंतीतून ऐकू येत होतं. तरी मी गेले नाही.

शनिवारी सकाळी वेस्ली गेला.

मी जाऊन सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. मर्टल किटली हातात धरून उभी होती.

"ये म्हणाला?"

"हो."

"कधी?"

"गुरुवारी."

तिने किटली खाली ठेवली. "मी त्याला म्हटलंच नाही गं. ट्रेव्हरचं. रूबी, खरंच कधी म्हटलं नाही मी. मला वाटलं, आमचं दोघांचं दुःख एकच आहे, त्यात बोलायचं काय?" मला एका अक्षराने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेपरात निधनाची जाहिरात आली. हेसीचा प्रिय पती, कै. ट्रेव्हरचा पिता. बहिणीचं नाव नव्हतं. म्हणजे ओळीत जागा नव्हती. डिम्पनाचा निरोप आला की मी बरोबर येते. मर्टलने कळवलं, "आज नको. आज मी फक्त त्याची."

आम्ही दोघी बाकीच्यांबरोबर रांगेत उभ्या राहिलो, वेस्लीच्या घराच्या फाटकापासून. ज्याला नाकं पुसून वाढवला, त्याच्या घरी ती परक्यासारखी पुढे पुढे सरकत होती. पुढे जा असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

पेटी उघडी होती. वेस्लीला पांढरा शर्ट घातला होता. मर्टलने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "वेस्ली, तुझा ट्रेव्हर गेला रे. तुझ्या दुःखाचं मला फार वाईट वाटतं."

 मग ती हेसीकडे वळली, हात पुढे केला, तेच वाक्य म्हणाली. हेसीने हात धरला. मला वाटलं, आता ओढून घेईल शेजारी. हेसी म्हणाली, "आल्याबद्दल आभार." आधीच्या माणसाला म्हणाली होती तसंच, शब्दाला शब्द. मागे माणसं खोळंबली होती, म्हणून मर्टल पुढे सरकली.

चहा न घेताच आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या भिंतीला टेकून ती उभी राहिली आणि आपले दोन्ही तळवे बघायला लागली. ती रडत होती. त्याआधी मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ट्रेव्हरच्या वेळीसुद्धा नाही.

"सतरा वर्षं त्याचा हात गरम होता गं, रूबी."

 त्यातले शेवटचे दोन दिवस मी दवडले होते.