समुद्र आधी कुणी बघितला
जुनी घोंगडी उन्हात टाकली की तिला मेंढरांचा वास सुटतो, आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या इंदापूरच्या एसटी स्टँडवर जाऊन उभा राहतो. दहावी झालेल्या पोरांना नौदल जहाजाच्या इंजिनाचं शिक्षण देतं, वर पगारही देतं, हे शाळेत कळल्यापासून मी दुसरं काही ऐकत नव्हतो. त्या सकाळी भरतीच्या परीक्षेला मुंबईला निघालो होतो आणि आई ही घोंगडी खांद्यावर टाकून पोचवायला आली होती. स्टँडभर डिझेलचा धूर कोंदला होता. तेवढ्यात गावातले मोठे ऊसबागायतदार तात्या भेटले. मी कुठं चाललोय ते ऐकून सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं हसले. "आरं, मेंढरामागचं पोरगं तू, समुद्र कवा बघितलास? गप बारामतीच्या एमआयडीसीत चिकट." मी मान खाली घातली. आईनं घातली नाही. "तात्या, तुमी बघितलाय का समुद्र?" तात्यांनी उगाच टोपी नीट केली. "न्हाय बा." "आमी बघितलाय. दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात उतरतो आमी. ह्यो तितंच जन्मला, समुद्राच्या कडंला, पालात. माझ्या आवाजाआधी त्याच्या कानात समुद्राचा आवाज गेलाय." मग घोंगडी माझ्या खांद्यावर टाकून तिनं मला गाडीत ढकललं. पुढं इंजिनं शिकलो, उमेदीची सगळी वर्षं जहाजावर काढली. तात्या आता थकलेत, पण गावी गेलो की पारावरून हाक मारून विचारतात, "आरं, समुद्र कसा असतो रं?" मी दरवेळी एकच सांगतो, "आईला इचारा."